सत्तेचाळीस नंबरचं पोतं

मी आयुष्यात फारशी पापं केलेली नाहीत, आणि त्याचं श्रेय सज्जनपणाला नाही, आळसाला आहे. पाप करायचं म्हणजे उठावं लागतं, कुठेतरी जावं लागतं, चार माणसांशी बोलावं लागतं. मला या तिन्हींचा कंटाळा. बायको म्हणते, आमच्या घरात माझ्यापेक्षा स्टोव्ह जास्त बोलतो. पण जे एक पाप हातून झालं तेही आळसापोटीच झालं, आणि ते कबूल करायला मला सहा वर्षं लागली. ज्यांच्यासमोर करायचं त्यांच्यासमोर ते करून झालं आहे. तिथेही एक घास मी गिळलाच होता. तो इथे बाहेर काढतो.

साठ सालच्या आसपास मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्रोफेसर जे फळ्यावर काढत, ते मी मुलांना बरणीत दाखवत असे. त्या सुमारास एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. तुमच्या भागातले वैद्य, वैदू, जाणत्या बाया गाठीवर आणि न भरणाऱ्या जखमांवर जी झाडं वापरतात ती गोळा करून पाठवा. आम्ही त्यांचा अर्क काढून कॅन्सर झालेल्या उंदरांना टोचतो आणि काय होतं ते पाहतो. प्रत्येक झाडाचा तीन किलो सुका माल, सोबत कागदावर चिकटवलेली पानाफुलांसकट एक फांदी, आणि दोन्हींवर एकच नंबर.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, मे महिन्यात टाय बांधणारे अमरावतीतले बहुधा एकमेव गृहस्थ. त्यांनी मला न विचारता पन्नास नमुने देण्याचं कळवून टाकलं आणि मला न विचारताच ते गोळा करायला मला नेमलं. पन्नास भरले की लेक्चररच्या जागेसाठी तुझ्या नावाचा शब्द टाकतो, असंही म्हणाले. तेवढ्यावर मी उठलो.

वऱ्हाडात औषध माहीत नसलेला माणूस शोधावा लागतो. चांदूर रेल्वेला एका निवृत्त गार्डाने सगळे रोग घालवणारं मूळ दिलं. देताना त्याला खोकल्याची अशी उबळ आली की मुळाचं नाव सांगता येईना. कौंडण्यपूरच्या जत्रेत एका बैराग्याने हिमालयातली म्हणून जी साल दिली ती बाभळीची होती. मी ती बाभळीची म्हणूनच नोंदवली. चव्वेचाळीस नंबरचा नमुना तर साहेबांनी कॉलेजच्या मुतारीमागून उपटवला. "उपेक्षित वनस्पतींतच खरं संशोधन असतं," असं वर म्हणाले.

सत्तेचाळीस नंबर पातूरचा.

पातूरला माझा दोस्त शाळामास्तर होता. बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याने अंगारे, ताईत, उतारे सगळं आठवडाभरात घराबाहेर काढलं. अडचण एकच उरली होती, ती म्हणजे त्याची आई. ती झाडपाल्याचं औषध द्यायची. कावीळ, गळू, बाळंतिणीचा ताप, आणि गाठ. गाठीसाठी तिची एक वेल होती, लेण्यांकडच्या टेकडीवर खडकांच्या फटींत उगवणारी. तिच्या मुळ्या उगाळून लावायच्या आणि त्यांचाच काढा प्यायचा. लांबलांबून बाया यायच्या.

वेलीचं नाव मी लिहिणार नाही. एक तर दोस्ताच्या आईला तसा शब्द दिला आहे, आणि दुसरं म्हणजे नाव छापून आलं की अर्धा वऱ्हाड ती उकळायला बसेल.

दोस्ताचं दुखणं खरं होतं. "गाठ घेऊन बाया हिच्याकडे येतात लेका, अन् मग दवाखान्यात जातच नाहीत. एखादीला गुण आला की गावभर होते. जिला नाही आला ती सांगायला येत नाही."

"येईन कशी? मेली अस्ते ते," आई आतून म्हणाली. "मी कोनाले अमर करतो म्हनून बोर्ड लावला का?"

तिचं आणि त्याचं दुसरं भांडण वेल खणण्यावरून होतं. पूर्वी ती आदल्या दिवशी हळद-तांदूळ वाहून वेलीला आमंत्रण द्यायची. दीक्षेनंतर मुलाने ते बंद केलं, तिनेही ऐकलं. पण मुळी काढण्याआधी वेलीला विचारायचं तिने सोडलं नव्हतं. लोखंड लावायचं नाही, लाकडाच्या काडीने खणायचं, एका वेलीची एकच मुळी घ्यायची, आणि घेण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "घेऊ का व माय?"

"झाडाला कान असतात का?" मुलगा चिडायचा.

"तुह्या वर्गातल्या पोराइले अस्तात का? तरी बोलतच अस्तं नं दिवसभर?"

मी प्रयोगशाळेची हकीकत सांगितली तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

"पैले त्या उंदराले बिमारी देता?"

"हो."

"अन् मंग दवाई देता?"

"हो."

"चांगल्या घरचे दिस्तात तुमचे डाक्टर." मग थोडा विचार करून मला म्हणाली, "मास्तर, उंदराले मालूम अस्ते का, दवाई कोनं देल्ली थे?"

"नाही."

"म्हंजे माह्या नावानं गुन येनार नाई, अन् ह्याच्या टोमन्यानं जानार नाई. हे बरं हाये."

जी गोष्ट बी.एस्सी.च्या मुलांना तास घेऊनही माझ्याने समजावली जात नसे, ती तिने पाटावर बसल्या बसल्या काढली. मग मुलाकडे वळली. "हे पाह्य. माही येल पास झाली त तू माह्या मांगं लागनं बंद करजो. नापास झाली त मी कोनाच्या गाठीले हात लावनार नाई. मंजूर?"

"मंजूर," मुलगा म्हणाला. इतक्या पटकन त्याने लग्नालाही होकार दिला नव्हता.

निघताना तिने चहाचं विचारलं. मी म्हणालो, घरूनच पिऊन आलो. अमरावतीहून पातूरला एस.टी. बदलून पोचायला तेव्हा अर्धा दिवस जायचा. मी कुणब्याचा मुलगा. आमच्या घरी त्या वस्तीतला चहा कोणी प्यालेला नव्हता. मी सायन्स शिकलो होतो, पण पोटात सायन्स पोचायचं होतं. दुसऱ्या खेपेलाही मी तेच सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मास्तरच्या घरचा चहा लय दिवस टिकते वाट्टे."

भाद्रपदात आम्ही टेकडीवर गेलो. ती पुढे, मी मागे, मुलगा पायथ्याशी, कारण त्याला ते विचारणं ऐकवत नसे. दोन दिवस ती एकेका वेलीला विचारत, एकेक मुळी काढत फिरली. काही वेलींना विचारून ती पुढे निघून गेली. "ते नाई म्हन्ते," असं मला सांगितलं. सगळ्या मुळ्या वाळवून मोजल्या तर अर्धा किलो भरल्या.

"तीन किलो म्हंजे कितीक शेर?"

"तीन शेराच्या थोडं वर."

"मंग चार-पाच पावसाये लागतीन."

"उंदरं थांबतील का तोवर?"

"थांबत नसतीन त त्याइले एवढी काई बिमारी नाई," ती म्हणाली आणि काडीची माती पुसू लागली.

दिवाळीनंतर ती वेल जमिनीवरून दिसेनाशी होते, मग पुढच्या पावसाळ्याशिवाय शोधता येत नाही. इकडे साहेब रोज विचारत होते, पन्नास झाले का? आमच्या कॉलेजच्या मागच्या कुंपणावर त्याच कुळातली एक वेल फुकट माजली होती. पान बरंचसं तसंच, मुळी वाळल्यावर तर सख्खी बहीण. एका दुपारी मी फावडं घेऊन गेलो आणि तासाभरात पोतं भरलं. कोणाला विचारायचं नव्हतं. वाळल्यावर खाली कुंपणाची, वर पातूरची, जशी भाजीवाली खाली किडकी आणि वर ताजी वांगी लावते. कागदावर चिकटवलेली फांदी मात्र अस्सल होती. नंबर सत्तेचाळीस. शिवलं आणि पार्सल केलं.

आठ-नऊ महिन्यांनी निकालाचं कार्ड आलं. नंबर, आणि प्रत्येकापुढे अधिक किंवा वजा. जवळपास सगळे वजा. एकच अधिक होता, आणि तो मुतारीमागचा चव्वेचाळीस. साहेबांनी पेढे वाटले. पुढच्या फेरीत तोही बाद झाला, पण पेढे परत मागता आले नाहीत. सत्तेचाळीसपुढे वजा होता. मी लेक्चरर झालो.

दोस्ताला पत्राने कळवता आलं असतं. पण त्याच्या आईने सांगितलं होतं, "काई बी होवो, सोता येऊन सांगजा." म्हणून गेलो. ती तूर पाखडत होती.

"उंदरं मेले?"

"हो. ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांच्याच बरोबर."

सूप थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "माह्याच मुया धाडल्या होत्या नं, मास्तर?"

"हो."

कमी बोलणाऱ्या माणसाचा फायदा असा की त्याचं खोटंही आखूड असतं.

"बरं झालं समजलं," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. दोस्त जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या खेड्यातली एक बाई गळ्याखाली गाठ घेऊन दारात आली. आई तिला म्हणाली, "अकोल्याले जाय, माय. मोठ्या दवाखान्यात. माही दवाई नापास झाली." इतक्या साधेपणाने म्हणाली, की जणू आज दूध नासलं.

पुढे दोस्ताच्या पत्रातून कळलं, त्या बाईचं अकोल्याला ऑपरेशन झालं आणि ती धडधाकट फिरते आहे. या बाईवर मी सहा वर्षं काढली. मनात कधी टोचलंच तर तिला पुढे करायचो. ही बघा, माझ्या खोट्यामुळे जगली! आणि वेल तरी कुठे लागू पडणार होती? इतक्या पोत्यांतलं एक टिकलं नाही, मग हे टिकलं असतं? बहुधा नसतं. आजही मला तसंच वाटतं. पण "बहुधा" हे मला वाटतं. उंदरांना ते कोणी विचारलेलंच नव्हतं.

सहा वर्षांनी दोस्त अमरावतीला माझ्या घरी आला. तोवर हेडमास्तर झाला होता, केस पिकले होते.

"लेका, तुझ्या उंदरांनी घोळ केला," बसता बसता म्हणाला. "आईने सगळंच सोडलं. मला वाटलं होतं नुसती गाठ सोडेल. तर तिचं म्हणणं, एक खोटं निघालं म्हणजे सगळंच खोटं असणार, मी जन्मभर लोकांना फसवलं. नातीला गळू झालं, म्हटलं पोटीस तरी बांध. तर म्हणते, मी नापास बाई हाये, कंपाउंडरले बलाव. आठवीत नापास झालेलं पोरगं शाळेकडे पाठ करून बसते ना, तशी बसली आहे. टेकडीकडे पाहत बी नाही. मी हे मागितलं नव्हतं, लेका. मला फक्त गाठ दवाखान्यात जायला पाहिजे होती."

आत स्टोव्ह बोलत होता. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मला त्याचा चांगला सराव होता. पण तो म्हणाला, "तू येऊन तिला समजाव. तुझ्यावर तिचा विश्वास आहे." हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर निघालो. अकोल्याच्या स्टँडवर पातूरच्या गाडीची वाट पाहताना, कागदातली भजी खाता खाता त्याला सगळं सांगितलं. त्याने खाणं थांबवलं नाही, पण माझ्या कागदातून घेणं बंद केलं. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "तिला तूच सांग. माझ्यानं होणार नाही."

ती ओट्यावर बसली होती. वाळली होती, पण डोळे तेच. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

"म्हंजे माही येल गेलीच नाई?"

"गेली. वरून अर्धा किलो."

"अन् खाली?"

"आमच्या कुंपणावरची. त्याच कुळातली."

"कुयातली!" ती म्हणाली. "म्हंजे परीक्षेले माह्या पोट्टीच्या जागी शेजारची पोट्टी बसवली, अन् निकाल माह्या घरी आनून देल्ला."

मी मान खाली घातली.

"अन् मी सोताहून इचारलं होतं तुले." पहिल्यांदाच ती मला अरेतुरे करत होती. "मंग मी सा वर्सं काहून चूप बसली रे?"

मुलगा खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. मग ती मुलावरच घसरली. "तू काय पाह्यतं बे खाली? तुलेबी मंजूर होतं नं?"

"हो."

"मंग तुहीबी शर्त गेली. कोनीच जिकलं नाई."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "चहा मिळेल का?"

"आज घरून पिऊन नाई आला?"

"नाही."

तिने स्वतः उठून केला. चहा गोड होता, जरा जास्तच उकळलेला, आणि मी तो संपवला.

आता तो गिळलेला घास. पन्नासांतला एकतीस नंबर अमरावतीच्या एका मोठ्या वैद्यबुवांचा होता. तोही वजनात कमी भरला होता. त्यांच्याकडे मी चार खेपा घातल्या, आणि तरी भरला नाही तेव्हा साहेबांना सांगून तो नमुना पुढच्या वर्षावर टाकला. साहेब कुरकुरले, पण ऐकलं. म्हणजे पुढे ढकलता येतं हे मला माहीत होतं. वैद्यबुवांच्या पोत्यात कुंपणाची वेल भरायचं मला सुचलंही नाही. पातूरच्या पोत्यात सुचलं. मघाशी मी आळस म्हणालो. आळस होताच, पण तो कोणाच्या दारात करायचा हे मला बरोबर कळत होतं. हे त्या दिवशी ओट्यावर मी बोललो नाही. माझी समजूत आहे की तिला ते चहावरूनच कळलं असावं.

तिने माझ्याकडून तिथेच पत्र लिहून घेतलं. प्रयोगशाळेला जायचं म्हणून मी इंग्रजीत लिहिलं आणि हेडमास्तर मोठ्याने मराठीत सांगू लागला. "नमुना क्रमांक सत्तेचाळीस यात माझ्या हातून भेसळ झाली होती, सबब त्याचा निकाल रद्द करावा."

"नापास खोडून थे लोक काय लिवतीन?"

"रद्द."

"रद्द नको. रद्द म्हंजे पेपर फुटल्यावानी वाट्टे." ती मुलाकडे वळली. "तुह्या हजेरीत, जे पोरगं परीक्षेले आलंच नाई, त्याच्यापुढं काय लिवतं?"

"गैरहजर."

"थे लिव."

मी खोडून लिहिलं, की या वनस्पतीची तपासणी झालेली नाही. शास्त्राच्या भाषेत नेमकं हेच म्हणायला हवं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं. नोंद दुरुस्त केली आहे. नवा नमुना पाठवायचा असल्यास तीन किलोंपेक्षा कमी नको. दोस्त पत्र वाचून दाखवत होता तेव्हा म्हणे ती नातीच्या पायाला पोटीस बांधत होती. गाठ घेऊन कोणी आलं तर अजूनही अकोल्यालाच धाडते. "निकाल लागाचा हाये," असं सांगते.

तेव्हापासून दर भाद्रपदात मी पातूरला जातो. आता तिचे गुडघे चढू देत नाहीत, म्हणून ती पायथ्याशी दगडावर बसते, मुलगा तिच्याशेजारी छत्री धरून. लाकडाची काडी माझ्या हातात. दोन हंगामांत सव्वा किलो जमलं आहे. वरून पातूरची, खालूनही पातूरची.

पहिल्या वर्षी पहिल्याच वेलीपाशी मी बसलो, इकडे तिकडे पाहिलं, आणि वनस्पतिशास्त्राचा लेक्चरर म्हणून जेवढ्या हळू म्हणता येईल तेवढ्या हळू म्हणालो, "घेऊ का, माय?"

खालून आवाज आला, "ऐकू नाई आलं!"

"झाडाला आलं!" मी ओरडलो.

"मले नाई आलं. पुन्यांदा म्हन."

मी मोठ्याने म्हणालो. खाली हेडमास्तरने छत्री या हातातून त्या हातात घेतली पण जागचा उठला नाही.